साउथ कॅरोलायनाची पहिली स्वयंसेवक पलटण : नाव, दर्जा आणि वेतन

अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१–१८६५) महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासात दोन वाटांनी प्रवेश करते. एक वाट कापसाची. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-खानदेशच्या मालाला मुंबईत कधी नव्हे असा भाव आला. त्या पैशाच्या पुरात शेअरबाजार फुगला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो फुटला, ही हकीकत मुंबईच्या प्रत्येक इतिहासात आढळते. दुसरी वाट विचाराची. जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य दाखविणाऱ्या अमेरिकेतील लोकांस अर्पण केलेला आहे. या दोन्ही वाटांवर भेटतात ते व्यापारी, मळेवाले आणि मुक्तिदाते. ज्यांच्या मुक्तीविषयी हे सर्व चालले होते, ती माणसे त्या काळात स्वतः काय करीत होती, हा प्रश्न मराठीत क्वचितच विचारला गेला आहे. साउथ कॅरोलायनाच्या पहिल्या स्वयंसेवक पायदळ पलटणीचा इतिहास हे त्या प्रश्नाचे एक उत्तर आहे. ते काही अंशी रणभूमीवर घडले, आणि बऱ्याच अंशी शब्दांवरून झालेल्या वादांत घडले. ‘पळपुटा’ कोणाला म्हणावयाचे, ‘स्वयंसेवक’ कोण, ‘शिपाई’ कोण आणि ‘मजूर’ कोण, हे त्या वादांचे विषय होते. आणि त्यांतील प्रत्येकाच्या निर्णयावर माणसांचे वेतन, कधी कधी प्राणही, अवलंबून होते.

‘पहिली’ या विशेषणाविषयी आरंभीच खुलासा करणे इष्ट होय. कृष्णवर्णीयांची पहिली पलटण कोणती, हा अमेरिकन इतिहासकारांचा जुना वाद आहे. न्यू ऑर्लीन्स येथील ‘नेटिव्ह गार्ड्स’ या पलटणीला सप्टेंबर १८६२ मध्येच रीतसर दाखल करून घेण्यात आले होते. कॅन्ससमधील पलटणीने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात प्रत्यक्ष चकमकही केली. मॅसॅच्युसेट्सच्या चोपन्नाव्या पलटणीची कीर्ती सर्वांत मोठी. परंतु ती उभारली गेली १८६३ मध्ये, आणि तिच्यात उत्तरेकडील स्वतंत्र नागरिकांचा भरणा होता. साउथ कॅरोलायनाच्या पलटणीचे वैशिष्ट्य निराळे आहे. गुलामांच्याच भूमीवर, कालपरवापर्यंत गुलाम असलेल्या माणसांची पलटण उभारण्याचा यत्न प्रथम येथे झाला, आणि तो मे १८६२ मध्ये, म्हणजे मुक्तीच्या जाहीरनाम्याच्या सात महिने आधी झाला.

या यत्नाची पार्श्वभूमी अशी. ७ नोव्हेंबर १८६१ रोजी कमोडोर ड्यू पाँट याच्या आरमाराने पोर्ट रॉयलच्या खाडीतील दोन किल्ले तोफांच्या भडिमाराने घेतले. ब्यूफर्ट, सेंट हेलेना, हिल्टन हेड इत्यादी बेटांवरील गोरे मळेवाले हाती लागेल ते घेऊन मुख्य भूमीकडे पळाले. मागे राहिले लांब धाग्याच्या उंची कापसाचे मळे आणि त्या मळ्यांवर राबणारे सुमारे दहा हजार गुलाम. मालक पळाले म्हणून ते मुक्त झाले काय? कायद्याच्या दृष्टीने नव्हे. मे १८६१ मध्ये जनरल बटलर याने आश्रयास आलेल्या गुलामांना ‘युद्धात जप्त करण्याजोगा माल’ ठरवून परत देण्याचे नाकारले होते, आणि तेव्हापासून ‘कॉन्ट्रबँड’ हा मालाचा शब्द माणसांस लागू झाला होता. उपाय सोयीचा होता यात शंका नाही. परंतु त्यातही माणूस हा मालच राहिला होता.

१८६२ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस जनरल डेव्हिड हंटर या प्रदेशाचा सेनाधिपती झाला. हा मनुष्य तत्त्वाने गुलामगिरीचा कट्टर विरोधक आणि स्वभावाने उतावळा. ९ मे रोजी त्याने जॉर्जिया, फ्लॉरिडा व साउथ कॅरोलायना या तिन्ही राज्यांतील गुलाम कायमचे मुक्त झाल्याचा हुकूम आपल्या अधिकारात काढला. अध्यक्ष लिंकन यांनी दहा दिवसांत तो रद्द केला. दरम्यान हंटरने दुसरेही एक काम हाती घेतले होते. सैन्यात येण्यास समर्थ अशा सर्व कृष्णवर्णीय पुरुषांना मळ्यांवरून हिल्टन हेड येथे पाठवावे असा त्याचा आदेश सुटला, आणि शिपायांच्या तुकड्या मळोमळी फिरून शेतात काम करणाऱ्या माणसांना घेऊन जाऊ लागल्या. बायकांनी आक्रोश केला. कित्येक पुरुष जंगलात लपले. गोरे सैनिक आपल्याला क्यूबात विकण्यासाठी नेत आहेत, अशी अफवा त्यांच्या मालकांनी पळण्यापूर्वीच पसरवून ठेवली होती. हंटरच्या पद्धतीमुळे ती खरी वाटू लागली. उत्तरेकडून आलेल्या शिक्षकांनी व मळ्यांच्या देखरेखीवरील अधिकाऱ्यांनी या प्रकाराचा निषेध केला, आणि तो रास्त होता. ज्या पलटणीच्या नावात पुढे ‘स्वयंसेवक’ हा शब्द आला, तिचा आरंभ सक्तीने झाला, ही गोष्ट तिच्या चाहत्यांनी बहुधा हलक्या हाताने सांगितलेली आहे. ती झाकण्याचे कारण नाही. उलट पुढील चार वर्षांत त्या नावाला जो अर्थ प्राप्त झाला तो शिपायांनी स्वतः मिळवून दिला, हे समजण्यासाठी ती ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

वॉशिंग्टनमध्ये या पलटणीची वार्ता पोहोचली तेव्हा केंटकीचे प्रतिनिधी विक्लिफ यांनी प्रतिनिधिगृहात ठराव मांडून विचारणा केली की, हंटर यांनी पळपुट्या गुलामांची पलटण उभारली आहे काय, आणि तसे करण्यास त्यांस कोणी अधिकार दिला? २३ जून १८६२ चे हंटरचे उत्तर हा सरकारी पत्रव्यवहारातील एक अपूर्व नमुना आहे. त्याचा आशय असा की, पळपुट्या गुलामांची कोणतीही पलटण आपण उभारलेली नाही. ज्यांचे पूर्वीचे मालक पळपुटे बंडखोर आहेत अशा माणसांची एक उत्तम पलटण मात्र आहे. आणि ती माणसे पळून जाणे तर दूरच, त्या मालकांच्या पाठलागास निघण्यास उत्सुक आहेत. पत्र वाचले गेले तेव्हा सभागृहात हशा पिकला. विनोद बाजूस ठेवून पाहिले तर या उत्तरात एक महत्त्वाची गोष्ट घडली आहे. विशेषण तेच, विशेष्य बदलले. ‘पळपुटा’ हा शब्द शतकभर कायद्याच्या पुस्तकांत एकाच वर्गाला चिकटलेला होता. हंटरने तो उचलून मालकांवर ठेवला. त्यामुळे कायदा तसूभरही बदलला नाही, हेही खरे. युद्धखात्याने पलटणीला ना मान्यता दिली ना पगार, आणि ऑगस्ट १८६२ मध्ये हंटरला ती मोडावी लागली. तीन महिने कवायत केलेली माणसे एका पैशाशिवाय घरी परतली. या आठवणीची सावली पुढील भरतीवर दीर्घकाळ पडली होती.

एकच तुकडी मोडली गेली नाही. चार्ल्स ट्रोब्रिज या कॅप्टनच्या हाताखाली ती जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील सेंट सायमन्स बेटाच्या रक्षणास गेली होती. पगार नाही, सरकारी हुकूम नाही, अशा स्थितीत ती टिकून राहिली. आणि पुढे तीच नव्या पलटणीची पहिली तुकडी झाली. वस्तुतः स्वयंसेवक हा शब्द कोणाला यथार्थपणे लागू पडत असेल तर तो या तुकडीला.

२५ ऑगस्ट १८६२ रोजी युद्धमंत्री स्टँटन यांनी ब्यूफर्ट येथील जनरल रूफस सॅक्स्टन यांस आफ्रिकी वंशाचे पाच हजारपर्यंत स्वयंसेवक सैन्यात घेण्याचा अधिकार दिला. या पत्रात एक वाक्य असे होते की, या शिपायांना कायद्याने स्वयंसेवकांस मिळणारे वेतन व शिधाच मिळेल. वाचकाने हे वाक्य ध्यानात ठेवावे. दक्षिणेच्या सरकारनेही याच सुमारास आपले शब्द वापरले होते. गुलामांना शस्त्रे देऊन शिकविणारे अधिकारी हाती लागल्यास ते युद्धकैदी समजले जाणार नाहीत, अपराधी समजले जातील, असा हुकूम रिचमंडहून निघाला होता.

नव्या पलटणीचा कर्नल म्हणून सॅक्स्टन यांनी टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांस पाचारण केले. हिगिन्सन हा मॅसॅच्युसेट्सचा. एकेकाळचा धर्मोपदेशक, लेखक, आणि कृतीने बंडखोर. १८५४ मध्ये अँथनी बर्न्स या पळून आलेल्या गुलामास सोडविण्यासाठी बॉस्टनच्या न्यायालयावर जो हल्ला झाला त्यात त्याच्या हनुवटीवर जखम झाली होती. जॉन ब्राउन यास गुप्तपणे साहाय्य करणाऱ्या सहा जणांपैकी तो एक होता. एमिली डिकिन्सन या कवयित्रीने आपल्या कविता प्रथम ज्याला अभिप्रायार्थ पाठविल्या तो हाच गृहस्थ. नोव्हेंबर १८६२ च्या अखेरीस तो पोर्ट रॉयल बेटावरील कँप सॅक्स्टन येथे दाखल झाला. तेथे त्याने केलेल्या पहिल्या बदलांपैकी एक क्षुल्लक दिसतो, पण तो अर्थपूर्ण आहे. हंटरने या शिपायांना तांबड्याभडक विजारी दिल्या होत्या. शिपायांना त्या मनापासून नावडत. इतर पलटणींसारख्या निळ्या विजारी आल्या तेव्हा सगळ्यांस समाधान वाटले. वेगळेपणाने उठून दिसणे ही बाहेरच्यांची हौस होती. शिपायांना शिपायांसारखे दिसावयाचे होते.

१ जानेवारी १८६३ रोजी छावणीजवळच्या ओक वृक्षांच्या राईत मुक्तीचा जाहीरनामा वाचण्यात आला. वाचणारे डॉ. ब्रिस्बेन हे मूळचे त्याच प्रांतातील मळेवाले. त्यांनी पूर्वीच आपले गुलाम मुक्त केले होते. त्यानंतर पलटणीला ध्वज अर्पण झाला. हिगिन्सन ध्वज हाती घेऊन बोलणार, तोच समोरच्या गर्दीतून एका वृद्धाने देशगीताचा सूर धरला, दोन स्त्रियांचे आवाज त्यास मिळाले आणि पाहता पाहता तो सर्व कृष्णवर्णीय समुदाय गाऊ लागला. व्यासपीठावरील काही गोरे पाहुणेही गाऊ लागले तेव्हा हिगिन्सनने त्यांना खुणेने गप्प केले. त्यानंतर सार्जंट प्रिन्स रिव्हर्स आणि कॉर्पोरल रॉबर्ट सटन या ध्वजधारकांची भाषणे झाली. दुपारी भाजलेल्या बैलांचे मांस आणि काकवीचे पाणी असा बेत होता. कार्यक्रमपत्रिकेत नसलेले ते गाणे त्या दिवसाचा खरा विधी ठरले, असे हिगिन्सनने नोंदविले आहे, आणि त्याच्याशी असहमत होणे कठीण आहे.

पलटणीच्या लष्करी कामगिरीचे स्वरूप मोठ्या लढायांचे नव्हते. आगबोटींतून नद्यांच्या मुखांनी आत शिरावे, लाकूड, लोखंड, कापूस आणावा, वाटेत भेटतील त्या गुलामांना सोडवावे, आणि शत्रूने गाठल्यास लढावे, असे ते स्वरूप होते. जानेवारी १८६३ च्या अखेरीची सेंट मेरीज नदीवरील मोहीम या प्रकारात नमुनेदार म्हणता येईल. तीन बोटींपैकी एक होती ‘प्लँटर’. रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम सुकाणूवाल्याने आठ महिन्यांपूर्वी चार्ल्स्टनच्या बंदरातून, दक्षिणेच्या तोफांच्या टप्प्यातून, आपल्या कुटुंबासह पळवून आणलेली तीच ही बोट. नदीच्या काठी पाईन वृक्षांच्या दाट जंगलात रात्री शत्रूच्या घोडदळाशी गाठ पडली आणि नव्या शिपायांनी ते परतवून लावले.

या मोहिमेचा वाटाड्या होता कॉर्पोरल रॉबर्ट सटन. नदीचे प्रत्येक वळण त्याला माहीत होते, कारण तो याच काठावरचा गुलाम होता. वुडस्टॉक येथील लाकूडगिरणीच्या मालकिणीच्या दारात पलटण उभी राहिली तेव्हा हिगिन्सनने तिला आपल्या कॉर्पोरलची त्याच्या पूर्ण नावाने ओळख करून दिली. बाईंनी तुसडेपणाने सांगितले की आम्ही त्याला बॉब म्हणत असू. नंतर सटनने आपल्या कर्नलला त्याच मळ्यावरील गुलामांची कोठडी दाखविली. साखळ्या आणि खोडे तेथे तसेच होते. हिगिन्सनने कोठडीच्या किल्ल्या बरोबर आणल्या.

बाईंचे ते एक वाक्य सहज उद्गारलेले आहे, म्हणूनच ते विचारात घेण्यासारखे आहे. गुलामाला आडनाव नसे. असले तरी मालकाच्या दप्तरात त्याला जागा नसे. सैन्याच्या हजेरीपटाला मात्र नाव आणि आडनाव ही दोन्ही लागत. समुद्रकाठच्या बेटांवरील लोक आडनावाला ‘टायटल’ म्हणत. पदवी किंवा हक्क या अर्थाचा इंग्रजी शब्द त्यांनी या कामी वापरला होता. पुष्कळांची अशी ‘टायटल’ आपसांत चालत, मालकापुढे ती उच्चारली जात नसत. घरात निराळेच एक लाडके नाव असे. अशा रीतीने एकाच मनुष्याला तीन नावे असत आणि तिन्हींचे श्रोते वेगळे असत. मराठी वाचकास यात फारसे अपरिचित काही वाटू नये. आपल्याकडेही पाटलाच्या वाड्यावर हाक कशी पडते आणि सातबाऱ्यावर नाव कसे लागते, यांत पिढ्यान्‌पिढ्या अंतर राहिलेले आहे. पलटणीच्या हजेरीपटाने प्रथमच आडनावाला सरकारी कागदावर आणले. पुढे निवृत्तिवेतनासाठी अर्ज करताना विधवांना याच कागदाचा आधार झाला.

मार्च १८६३ मध्ये या पलटणीने, जेम्स माँटगोमेरीच्या दुसऱ्या साउथ कॅरोलायना पलटणीच्या काही तुकड्यांसह, फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल शहर घेतले. वरिष्ठांच्या हुकुमामुळे महिन्याच्या अखेरीस ते सोडावे लागले. परंतु या बातमीचा परिणाम शहराहून मोठा झाला. १ एप्रिल रोजी लिंकन यांनी हंटरला पत्र लिहून या सैन्याबद्दल समाधान व्यक्त केले आणि शत्रू त्याच्या नाशासाठी विशेष यत्न करील म्हणून त्यास जपण्यास सांगितले. वर्षापूर्वी ज्याचा हुकूम रद्द केला त्याच सेनापतीस लिहिलेले हे पत्र आहे. जुलैमधील एडिस्टो नदीवरील मोहीम तितकी यशस्वी झाली नाही. चार्ल्स्टन ते सव्हाना हा लोहमार्ग तोडावयाचा होता, तो तुटला नाही. एक लहान बोट गमवावी लागली आणि हिगिन्सन जखमी झाला. भातशेतांतून धावत येऊन बोटीवर चढलेली सुमारे दोनशे माणसे हीच त्या मोहिमेची मिळकत.

या शिपायांची भाषा आज गला या नावाने ओळखली जाते. इंग्रजी शब्दांचा मोठा साठा, पण वाक्यरचना, सर्वनामे आणि क्रियापदांची व्यवस्था वेगळी, असे तिचे रूप आहे. ‘तुम्ही’ या अर्थाचे तिचे ‘उना’ हे सर्वनाम नायजेरियातील इग्बो भाषेतील ‘उनू’शी जुळते, गोऱ्या मनुष्यास लावला जाणारा ‘बक्रा’ हा शब्द त्याच किनाऱ्यावरील एफिक-इबिबिओ भाषांतला आहे. उत्तरेकडील अधिकाऱ्यांना ही बोली म्हणजे मोडके इंग्रजी वाटे. परवलीचा शब्द म्हणून दिलेली ग्रामनामे पहारेकऱ्यांच्या तोंडी जाऊन भलतीच होत, आणि छावणीत त्याची गंमत चाले. परंतु याच पहारेकऱ्यांपैकी एकाने खुद्द कर्नलला, त्याने केलेली गोडीगुलाबी व दाखविलेले तंबाखूचे आमिष न जुमानता, संगिनीच्या टोकावर रोखून धरले होते, हेही त्याच कर्नलने अभिमानाने लिहिले आहे.

हिगिन्सनचे श्रेय असे की तो केवळ हसला नाही, त्याने ऐकले. रात्री शेकोट्यांभोवती शिपाई गोल फिरून धार्मिक गीते म्हणत तेव्हा तो अंधारात उभा राहून खिशातल्या खिशात पेन्सिलीने शब्द टिपून घेई, आणि तंबूत आल्यावर शंका असेल तेथे सटनला विचारी. सटनची स्मरणशक्ती लोखंडासारखी पक्की होती. स्कॉटलंडच्या सीमाप्रदेशातील पोवाडे गोळा करणाऱ्या सर वॉल्टर स्कॉटशी त्याने आपली तुलना केली आहे. या गीतांवरील त्याचा निबंध १८६७ च्या जूनमध्ये ‘अटलांटिक मंथली’त आला, त्याच वर्षी ॲलन, वेअर व गॅरिसन यांचा ‘स्लेव्ह साँग्ज ऑफ द युनायटेड स्टेट्स’ हा संग्रह निघाला आणि त्याच्या प्रस्तावनेत ॲलनने या बोलीचे बऱ्यापैकी पद्धतशीर वर्णन केले. तथापि हिगिन्सनच्या लेखनात एक दोष आहे आणि तो लहान नाही. आपल्या शिपायांना तो वारंवार लहान मुलांची उपमा देतो. माणसांवरचे त्याचे प्रेम संशयातीत आहे. पण ज्या भाषेचे व्याकरण आपल्याला उमगत नाही ती बोलणारा मनुष्य बालबुद्धीचा वाटणे, ही चूक त्याच्या लेखणीने अनेकदा केलेली आहे. ‘गला’ म्हणजे जुन्या गोऱ्या मजुरांच्या इंग्रजीचा अपभ्रंश, हे मत त्यानंतरही अनेक दशके पंडितांत चालू राहिले. लोरेंझो डाऊ टर्नर या कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञाने बेटांवर राहून, लोकांचा विश्वास संपादून, १९४९ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा ते मत ढासळले. त्यातील सर्वांत मोठा भाग व्यक्तिनामांचा आहे. घरात वापरली जाणारी, बाहेरच्यांस न सांगितली जाणारी नावे. त्यांची मुळे पश्चिम आफ्रिकेतील अनेक भाषांत सापडली.

शिपायांना स्वतःला मात्र या वेळी निराळ्याच भाषेची निकड होती. ती होती लिहिण्यावाचण्याची. गुलामांना अक्षरओळख करून देणे जॉर्जियात कायद्याने गुन्हा होता. सव्हाना येथे एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या घरी, पुस्तके कागदात गुंडाळून नेऊन, चोरून शिकलेली सूझी ही मुलगी १८६२ मध्ये चौदाव्या वर्षी सेंट सायमन्स बेटावर आली आणि तेथे मुले व प्रौढ यांना शिकवू लागली. तिने पलटणीतील सार्जंट एडवर्ड किंग याच्याशी विवाह केला आणि पलटणीबरोबर चार वर्षांहून अधिक काळ काढला. कागदोपत्री ती धोबीण होती. प्रत्यक्षात ती जखमींची शुश्रूषा करी, बंदुका साफ करी, आणि फावल्या वेळी शिपायांना वाचावयास शिकवी. या सर्व कामाचा एक डॉलरही तिला मिळाला नाही. १९०२ मध्ये बॉस्टन येथे तिने आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. हिगिन्सनच्या १८७० च्या ग्रंथाची शैली तिच्याजवळ नाही. परंतु पलटणीच्या आतून, आणि एका स्त्रीने, लिहिलेला हा वृत्तांत नसता तर छावणीतील निम्मे जीवन अंधारात राहिले असते.

आता वेतनाचा प्रश्न. १७ जुलै १८६२ च्या मिलिशिया कायद्यात आफ्रिकी वंशाच्या माणसांना खंदक खणणे, छावणीतील कामे इत्यादींसाठी ठेवावयाचे झाल्यास महिना दहा डॉलर द्यावेत, त्यांतील तीन कपड्यांच्या रूपाने, असे कलम होते. गोऱ्या शिपायाला त्या वेळी महिना तेरा डॉलर आणि वर कपड्यांचा भत्ता मिळे. सॅक्स्टन यांस स्टँटन यांनी दिलेले वचन समान वेतनाचे होते आणि आरंभी काही काळ ते पाळलेही गेले. पण १८६३ च्या मध्यास युद्धखात्याने कायद्याचा अर्थ लावला की आफ्रिकी वंशाचा मनुष्य, मग त्याच्या हाती फावडे असो की बंदूक, मिलिशिया कायद्याखालीच मोडतो. तेराचे दहा झाले, आणि तीन कापून हाती सात राहिले. म्हणजे शब्दाने शिपाई आणि हिशेबाने मजूर.

पलटणीतील सुमारे एकतृतीयांश माणसांनी, आणि त्यांत उत्तमोत्तम शिपाई होते, ही कमी रक्कम घेण्याचे साफ नाकारले. त्यांचे म्हणणे असे होते की आमची शिपाईगिरी आम्ही सरकारला फुकट देऊ, पण सात डॉलर घेऊन स्वतःला हिणवून घेणार नाही. इकडे बेटांवर त्यांची कुटुंबे उपाशी होती. या नकाराची किंमत ज्यांनी मोजली त्यांना राजकारण कळत नव्हते असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा.

तिसऱ्या साउथ कॅरोलायना पलटणीत प्रकरण याहून पुढे गेले. सार्जंट विल्यम वॉकर याने नोव्हेंबर १८६३ मध्ये आपल्या तुकडीसह कर्नलच्या तंबूपुढे शस्त्रे ठेवली आणि सांगितले की सरकारने करार मोडला आहे, तेव्हा आम्ही या करारावर काम करणार नाही. लष्करी न्यायालयाने त्यास बंडखोरीबद्दल दोषी ठरविले आणि १८६४ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस जॅक्सनव्हिल येथे त्याच्या पलटणीसमोर त्यास गोळ्या घातल्या. मॅसॅच्युसेट्सचे राज्यपाल अँड्र्यू यांनी यावर म्हटले की, ज्या सरकारला या मनुष्यास शिपाई म्हणून वेतन देण्यास कायदा सापडला नाही, त्याला शिपाई म्हणून ठार मारण्यास मात्र कायदा सापडला. या प्रकरणावर यापेक्षा नेमके काही लिहिले गेलेले नाही.

हिगिन्सनने वृत्तपत्रांतून आणि काँग्रेसच्या सभासदांस पत्रे लिहून पिच्छा पुरविला. १५ जून १८६४ रोजी समान वेतनाचा कायदा झाला. त्यातही एक मेख होती. १ जानेवारी १८६४ पासून सर्वांना समान वेतन; त्याआधीची थकबाकी मात्र जे १९ एप्रिल १८६१ रोजी स्वतंत्र होते त्यांनाच. चोपन्नाव्या पलटणीच्या कर्नलने देवाच्या न्यायाने आपण कोणाचेही गुलाम नव्हतो अशी शपथ आपल्या शिपायांना घ्यावयास लावून यातून वाट काढली. साउथ कॅरोलायनाच्या पलटणीला ती वाट बंद होती. तिच्यातील प्रत्येक मनुष्य गुलाम होता हे जगजाहीर होते, किंबहुना तीच तिची ओळख होती. सर्वांत आधी ज्यांनी बंदूक उचलली तेच सर्वांत शेवटी राहिले. ३ मार्च १८६५ च्या कायद्याने, ज्यांना भरतीच्या वेळी समान वेतनाचे वचन दिले होते अशा पलटणींना भरतीच्या दिवसापासून पूर्ण वेतन मंजूर झाले. स्टँटन यांच्या पत्रातील ते एक वाक्य तेथे कामास आले.

दरम्यान पलटणीचे नावही गेले होते. ८ फेब्रुवारी १८६४ रोजी तिला ‘संयुक्त संस्थानांची तेहतिसावी कृष्णवर्णीय पलटण’ हे नवे नाव मिळाले. पहिली होती ती तेहतिसावी झाली. साउथ कॅरोलायना हे नावही फारसे अचूक नव्हते, कारण तिच्यात जॉर्जिया व फ्लॉरिडातील माणसे पुष्कळ होती. पण बंडखोरीचा आरंभ करणाऱ्या संस्थानाचे नाव त्याच संस्थानाच्या गुलामांनी ध्वजावर मिरवावे, यातील अर्थ शिपायांना कळत होता. सूझी किंगने अडतीस वर्षांनंतरही आपल्या पुस्तकाच्या शीर्षकात दोन्ही नावे दिली आहेत.

जखमेने व हिवतापाने खंगलेला हिगिन्सन १८६४ मध्ये परतला. पलटणीची सूत्रे ट्रोब्रिजकडे आली, ज्याने पगाराविना ती पहिली तुकडी सांभाळली होती. युद्ध संपल्यावर ती सव्हाना, ऑगस्टा, चार्ल्स्टन येथे पहाऱ्यावर राहिली. ९ फेब्रुवारी १८६६ रोजी मॉरिस बेटावर, चोपन्नाव्या पलटणीचा कर्नल शॉ आपल्या शिपायांसह जेथे पुरला गेला त्या वॅग्नर किल्ल्यापाशी, ट्रोब्रिजने निरोपाचा हुकूम वाचला.

प्रिन्स रिव्हर्स हा ध्वजधारक सार्जंट गुलाम असताना ब्यूफर्ट येथे आपल्या मालकाचा कोचमन होता. १८६२ मध्ये हंटरबरोबर न्यू यॉर्कला गेला असता बाहीवरील सार्जंटच्या पट्ट्यांमुळे भर रस्त्यात जमावाने त्याच्यावर हल्ला केला होता. युद्धानंतर १८६८ च्या साउथ कॅरोलायनाच्या घटनापरिषदेत तो बसला, विधिमंडळात निवडून आला, आणि हॅम्बर्ग या गावी न्यायाधीश झाला. जुलै १८७६ मध्ये त्या गावातील कृष्णवर्णीय मिलिशियाच्या तुकडीवर गोऱ्यांच्या सशस्त्र टोळ्यांनी हल्ला केला. शरण आलेल्यांपैकी काहींना बाहेर काढून ठार मारण्यात आले आणि रिव्हर्सचे घर लुटले गेले. पुढच्या वर्षी संघराज्याचे सैन्य त्या प्रांतातून निघून गेले. रिव्हर्स एकन या गावी पुन्हा कोचमनचे काम करू लागला. १८८७ मध्ये तेथेच त्याचा अंत झाला.